रोखठोक हा शब्द बाकावर बसवल्याची हकीकत

दूरदेशी नांदणारी, शहाणी, हट्टी कन्या हिचे हुजुरात बापाचा आशीर्वाद. तुझा हुकूम फोनवरून पोहोचला. हुकमात दोन कलमे होती. पहिले कलम असे की, आईच्या नावाच्या बाकाचा फोटो पाहिला, त्यावरील पितळी पाटीवर नावाखाली एकच शब्द कसा आला, कोणी आणला आणि मावशी गप्प कशी बसली, हे काही न वगळता लिहून पाठवावे. दुसरे कलम असे की, बाबा, तुम्ही कसे आहात ते खरे सांगावे, 'ठीक आहे' हे उत्तर मंजूर होणार नाही. ऐसियास, पहिले कलम मोठे, सबब ते आधी घेतले आहे. दुसऱ्या कलमाचा विचार चालू आहे.

लेखक पेशाने रफूगार. अलंकार येत नाहीत. जुन्या सरदारांच्या हकीकती वाचनालयातून आणून वाचतो, त्याच चालीवर हे लिहिले आहे, कारण साध्या चालीवर लिहायला बसले की दोन ओळींपुढे हात जात नाही. शिवाय त्या चालीत लिहिणाराने स्वतःला 'मी' म्हणण्याचा रिवाज नाही. तो रिवाज सध्या फार उपयोगी पडतो. तरी खाली जेथे जेथे 'घरधनी' असे येईल तेथे बाप समजावा, आणि 'बाईसाहेब' असे येईल तेथे आई. तुला ठाऊक असलेलेही लिहिले आहे, कारण पुढे नात वाचील.

तर बाईसाहेबांचे राज्य म्हणजे बसआगारातील चौकशीची खिडकी. तख्त म्हणजे एक खुर्ची, तिचा एक पाय आखूड, त्याखाली जुन्या तिकिटांची घडी. पाठीशी भिंतीवर वेळापत्रक, पुढे गज, आणि गजांपलीकडे रयत. रयत नाना तऱ्हेची. कोणी घाईत, कोणी चुकलेला, कोणी चुकूनही न चुकलेला पण खात्री करून घ्यायला आलेला. एकदा एक गृहस्थ आले आणि सांगू लागले, "बाई, त्याचं काय झालं, माझ्या साडूच्या मुलीचं बाळंतपण, म्हणजे तारीख पुढची होती, पण आज सकाळी फोन आला, आणि आमच्या हिची तर कंबर धरलेली, त्यात थोरला म्हणतो मी येत नाही..." बाईसाहेबांनी ऐकून घेतले नाही. विचारले, "कुठे? कधी? किती जण?" गृहस्थांनी तिन्ही सांगितले आणि मग हुकूम झाला, "फलाट चार. पावणेदहा. मागच्या दारानं चढा, पुढचं अडकतं. पुढे कोण?"

हीच त्या राज्याची घटना. तीन प्रश्न, एक उत्तर, आणि "पुढे कोण?" यात 'या, बसा' नाही, 'काळजी करू नका' नाही, हसणे तर नाहीच नाही. परंतु सांगितलेल्या फलाटावर सांगितलेली गाडी सांगितल्या वेळी उभी असे, आणि नसली तर का नाही हे बाईसाहेब जातीने बाहेर येऊन सांगत आणि वर म्हणत, "तोवर तिकडच्या पंख्याखाली बसा, इथला फिरत नाही." रयतेने या कारभारास एक विशेषण दिले होते. कोणी ते रागाने वापरी, कोणी कौतुकाने, बहुतेक लोक दोन्ही मिसळून वापरीत. ते विशेषण रोखठोक.

मग बाईसाहेबांस दुखणे जडले. उभयता मोठ्या डॉक्टरांकडे दाखल झाले. डॉक्टरांनी पेनाचे टोपण काढले, घातले, पुन्हा काढले, आणि म्हणू लागले की हे पाहा, प्रत्येक पेशंट वेगळा असतो, आपण आशा सोडायची नसते, विज्ञान आता फार पुढे गेले आहे. ते समयी बाईसाहेबांनी विचारले, "किती दिवस? घरी की इथं? दुखेल का?" डॉक्टरांनी टोपण खाली ठेवले आणि तिन्ही उत्तरे दिली. बाईसाहेब "बरं" म्हणाल्या, आणि बाहेर जिन्यात आल्यावर घरधन्यांस म्हणाल्या, "चांगला आहे हो डॉक्टर. विचारलं की सांगतो."

त्याउपरी थंडी सरण्याच्या सुमारास बाईसाहेब गेल्या. याविषयी अधिक लिहिण्यास लेखक असमर्थ आहे, सबब पुढचे प्रकरण घेतले आहे.

पुढचे प्रकरण बाकाचे. आगारातील लहानथोर मंडळींनी मसलत केली की खिडकीसमोर बाईसाहेबांच्या स्मरणार्थ एक बाक ठेवावा आणि त्याच्या पाठीवर पितळी पाटी लावावी. मनसुबा उत्तम होता. बाक सागवानी आला, तोही उत्तम. मग पाटीवरील मजकूर आगारप्रमुखांनी स्वहस्ते तयार केला आणि तो घेऊन एक कंडक्टर, ज्यांस सारे मास्तर म्हणतात, घरधन्यांच्या घरी दाखल झाले. घरधनी तेव्हा दूध तापवीत होते. मास्तरांनी फोन पुढे धरला. मजकूर असा: 'सदा हसतमुख, मृदुभाषी, मनमिळाऊ, प्रेमळ, सर्वांना हव्याहव्याशा वाटणाऱ्या.' आणि खाली बाईसाहेबांचे नाव.

वाचून घरधन्यांस प्रथम असे वाटले की आगारात आणखी कोणी वारले.

"कसं वाटतंय, काका?" मास्तरांनी विचारले. "साहेब रात्रभर जागले हो या मजकुरापायी."

घरधनी म्हणाले, "बघू." आणि दूध उतू गेले.

'बघू' हा शब्द म्हणजे घरधन्यांची ढाल. संसारात अशी वाटणी होती की 'बघू' घरधन्यांनी म्हणावे आणि 'नाही' बाईसाहेबांनी. दुकानातसुद्धा तेच. एखादा शर्ट इतका विरलेला यावा की रफू धरायला धागाच उरलेला नाही, आणि त्याच्या मालकाने आशेने पाहत उभे राहावे, मग घरधनी म्हणत, "बघू." तो शर्ट आठवडाभर खुंटीवर लटके. मग बाईसाहेब संध्याकाळी घरी जाताना दुकानात डोकावत आणि नेमका तो मालक तेथे असला की सांगत, "हा शर्ट संपला. बटणं काढून घ्या, चांगली आहेत. फडकं करा." मालक जरा दुखावे, पण बटणे घेऊन जाई आणि पुढच्या खेपेस नवे कापड घेऊन येई.

तर मास्तर गेले, आणि घरधनी ओटा पुसत राहिले, आणि पुसता पुसता प्रकरणाचे गांभीर्य ध्यानी आले. आगार घर आणि दुकान यांच्या ऐन मध्यावर. जाता येता ती पाटी दिसणार. बाईसाहेबांचा आवाज तर आताच कधी कधी नीट आठवत नाही, मग जरा थांबावे लागते. अशात रोज ती हसरी बाई समोर येऊ लागली तर काही दिवसांनी आठवायला बसले की तीच आठवेल. पितळ कोरले की कोरले, खोडता येत नाही. पुढे वाचणारा प्रत्येक जण एका गोड बोलणाऱ्या बाईंसाठी हळहळेल, आणि बाईसाहेब दुसऱ्यांदा जातील. पहिल्यांदा काही इलाज नव्हता. यावेळी होता. सबब घरधन्यांनी शर्ट बदलला आणि मोहिमेवर निघाले.

पहिली स्वारी आगारप्रमुखांवर. आगारप्रमुख म्हणजे सज्जनपणाचा किल्ला. चहूकडून मऊ, आत शिरायला दरवाजा नाही. त्यांनी घरधन्यांस पाहताच उठून खुर्ची दिली, चहा मागवला, रुमाल डोळ्यांस लावला आणि बाईसाहेबांच्या आठवणी सांगू लागले. घरधन्यांनी चहा पिता पिता विषय काढला की मजकूर छान आहे, फक्त जरा... आगारप्रमुख लगेच म्हणाले, "कमी वाटतोय ना? मलाही तेच वाटत होतं, काका!" आणि त्यांनी कागद ओढून त्यात 'मातृतुल्य' हा शब्द स्वहस्ते वाढवला. घरधनी "बघू" म्हणून उठले. येणेप्रमाणे एक शब्द काढावयास गेलेली फौज आणखी एक पदरी घेऊन परत आली. हा पराभव साफ पराभव म्हणूनच नमूद करावा.

दुसरी स्वारी अक्कांवर. अक्का म्हणजे बाईसाहेबांच्या थोरल्या भगिनी, तुझी मावशी, माहेरच्या अब्रूच्या किल्लेदार. आगारप्रमुखांनी मजकूर त्यांसही दाखवला होता आणि त्यांनी त्यावर मंजुरी दिली होती. घरधन्यांनी विचार केला की अक्का फुटल्या तर आगारप्रमुख आपोआप पडतील. अक्का पडद्यांना कड्या लावीत होत्या. त्यांनी घरधन्यांस स्टुलावर उभे केले आणि स्वतः खालून कड्या देऊ लागल्या. त्या अवस्थेत वाटाघाट झाली.

"हसतमुख नव्हती ती, अक्का."

"मग काय लिहायचं? तोंड वाकडं करून बसायची असं?"

"रोखठोक लिहू."

अक्कांनी कडी द्यायची थांबवली. "रोखठोक? भाऊजी, अहो पाटी आहे ती! बाकावर बसून लोक शेंगदाणे खाणार आणि वाचणार. म्हणतील, कोण ही भांडकुदळ बाई."

"भांडकुदळ वेगळं, रोखठोक वेगळं."

"काय वेगळं?"

घरधनी स्टुलावर, हात वर, तोंडात दोन कड्या. "बघू," म्हणाले, तेही नीट ऐकू आले नाही. अक्कांनी हुकूम दिला की या विषयावर पुन्हा बोलू नये आणि डावीकडचा पडदा जरा खाली घ्यावा. फौज माघारी वळली.

परंतु प्रश्न बरोबर घेऊन वळली. दुकानात येऊन घरधन्यांनी एक करडी पँट रफूस घेतली आणि धागे दारात नेऊन उजेडात लावून पाहू लागले. दिव्याखाली चार करडे धागे एकसारखे दिसतात. दारात नेले की एक निळसर निघतो, एक तपकिरीकडे जातो, एक मळका असतो, आणि एकच त्या कापडाचा असतो. मग धागे पाहता पाहता शब्दही तसेच दारात नेऊन पाहिले. फटकळ माणूस बोलून मोकळा होतो, रोखठोक माणूस बोलून कामाला लागतो. उद्धटास समोरचा माणूस लहान करायचा असतो, रोखठोकास तो गाडीत बसवायचा असतो. आणि स्पष्टवक्ते तर दुकानात रोज येतात. ते आधी सांगतात की मी बुवा स्पष्टच बोलतो, आणि मग पाऊण तास बोलतात. तेवढ्या वेळात रोखठोक माणसाचे सांगून होते, ऐकणाऱ्याचे काम होते आणि दोघे आपापल्या घरी जातात. हे सर्व मनात जुळले. पण मनात जुळलेले तोंडातून बाहेर काढणे हे निराळे खाते, आणि ते खाते सांभाळणारी व्यक्ती आता नव्हती.

तिसरी स्वारी, जी निर्णायक ठरली, ती आगारप्रमुखांच्या खोलीत. पाटी कोरणारे कारागीर पितळेचा पत्रा काखेत घेऊन आले होते. त्यांनी बजावले, "दुपारी मशीन दुसऱ्या कामाला लागतं. तोवर मजकूर पक्का द्या, नाहीतर रविवार विसरा." रविवारी बाकाचा कार्यक्रम ठरलेला. सबब मसलत बसली. एका बाजूस आगारप्रमुख, शेजारी अक्का, दाराशी मास्तर, कोपऱ्यात कारागीर, आणि पंख्याखाली घरधनी. आगारप्रमुखांनी मजकूर वाचला. मास्तरांनी सुचवले की 'कर्तव्यदक्ष' राहिले. घातले. अक्कांनी सुचवले की 'सुस्वभावी'. घातले. आगारप्रमुखांना 'तेजस्वी' सुचले आणि त्यांनाच ते फार आवडले. कारागिरांनी पत्रा मांडीवर धरून हिशेब केला आणि सांगितले, "एवढं सगळं बसवायचं तर अक्षर मुंगीएवढं होईल. वाचायला वाकावं लागेल. बाकावर बसलेल्या माणसाच्या पाठीत तोंड घालावं लागेल."

तेव्हा कोणते शब्द गाळावे यावर मसलत सुरू झाली. कोणासही कोणताही शब्द गाळवेना. एकाने गाळावा म्हटले की दुसरा म्हणे, छे, तो तर हवाच. पूर्वी त्या खोलीतली बैठक लांबली की पलीकडून खिडकीच्या लाकडी भिंतीवर थाप पडे आणि आवाज येई, "साहेब, झालं असेल तर सांगा, इथं गाड्या वेळेवर सुटतात!" की बैठक बरखास्त. बैठक संपवणे हे बाईसाहेबांचे खाते होते, हे त्या दिवशी प्रथम सर्वांच्या ध्यानी आले, आणि ते खाते रिकामे असल्याने बैठक संपण्याचा काही मार्ग राहिला नव्हता.

लाकडी भिंतीपलीकडे खिडकीवर नवे अंमलदार बसलेले. स्वभावाने गोड. त्यांचा अंमल भिंतीतून स्वच्छ ऐकू येत होता. "या, या! नमस्कार! काय म्हणता? उन्हातून आलात? अरेरे! हो का? मग साडू काय म्हणाले? बरं बरं, पाहतो हं, एक मिनिट, छान झालं आलात!" आणि रांग फलाट ओलांडून दारापर्यंत गेली होती, आणि दोन गाड्या आपल्या माणसांवाचून सुटल्या होत्या, आणि गलका इतका वाढला की 'तेजस्वी' ठेवावे की 'सुस्वभावी' हे एकमेकांस ऐकू येईना. आगारप्रमुख भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जरा हळू हं, मंडळी." गलका तसाच.

त्या गलक्यातून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज वर आला. "अहो, ती बाई कुठं गेली इथली? ती रोखठोक? कधी मेली हसली नाही, पण माझी गाडी एकदाही चुकवली नाही तिनं!"

आजींस बातमी नव्हती. अक्कांनी पदर तोंडास लावला. मास्तर दाराच्या कडीकडे पाहू लागले. आगारप्रमुखांचा रुमाल सापडेना.

ते समयी घरधनी उठले. कोणास काही सांगितले नाही. दारातून बाहेर, बाजूच्या दाराने खिडकीच्या आत, आणि नव्या अंमलदारांच्या खुर्चीमागे उभे राहिले, आणि गजांतून पाहिले तर पुढे रयतच रयत. घरधन्यांनी ही रांग आजवर बाहेरूनच पाहिलेली, डबा द्यायला आले की. आतून ती निराळी दिसते. प्रत्येक जण एकाच माणसाकडे पाहत असतो.

"आजी, कुठे?" घरधनी म्हणाले.

"गिरणीच्या फाट्याला रे बाबा. तिथं दवाखान्यात..."

"कधी?"

"दवाखाना बंद व्हायच्या आत."

"किती जण?"

"मी आणि ही पिशवी."

घरधन्यांनी नव्या अंमलदारांकडे पाहिले, त्यांनी वेळापत्रकाकडे पाहिले आणि प्रथमच नुसते उत्तर दिले. मग घरधन्यांनी ते आजींस पोचवले. "फलाट दोन. उभीच आहे. पायरी उंच आहे, पिशवी आधी वर द्या. पुढे कोण?"

आणि मग पुढे जो कोणी होता तो आला, आणि त्याच्या मागचा, आणि एक जण गोष्ट सांगू लागला त्यास घरधन्यांनी मध्येच थांबवले, आणि तो रागावला नाही, उलट सुटल्यासारखा झाला. रांग दारातून आत आली, फलाटावरून खिडकीशी आली, आणि संपली. नवे अंमलदार घाम पुसत म्हणाले, "काका, लोक चिडले नाहीत हो!" घरधनी म्हणाले, "चिडतात. बसमध्ये बसले की उतरतं."

हा आवाज घरधन्यांचा नेहमीचा नव्हे. तो पुन्हा जागेवर जायच्या आत वापरून घ्यावा म्हणून ते लगबगीने खोलीत परतले आणि उभ्याउभ्याच बोलले. ते शब्द जसेच्या तसे नमूद केले आहेत.

"नाव. त्याखाली एक शब्द. रोखठोक. बाकी काही नको."

आगारप्रमुख म्हणाले, "काका, तुमच्या भावना समजतात, पण लोकांचा गैरसमज होईल."

"ज्यांचा होईल ते तिच्या रांगेत कधी उभे नव्हते."

"पण हसतमुख तरी..."

"नव्हती."

"मृदुभाषी?"

"नव्हती."

"अहो, प्रेमळ? प्रेमळ तर होत्या ना?"

घरधनी म्हणाले, "होती. ते आमचं घरचं आहे. आगाराच्या बाकावर नको."

आता अक्का. साऱ्यांची नजर अक्कांकडे गेली, कारण खरा गड तोच. अक्का घरधन्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, असं बोलायला कधीपासून लागलात?"

"आत्तापासून. अक्का, तुम्ही विचारलंत फरक काय. भांडकुदळ बाई स्वतःसाठी बोलते. ही समोरच्याच्या गाडीसाठी बोलायची."

मग अक्का बोलल्या ते आगारप्रमुखांस उद्देशून, पण पाहत होत्या टेबलाकडे. "मला इथं काखेत गाठ आली होती, साहेब. सगळे म्हणाले, काही नसेल, वयानं होतं. मीही तेच म्हणत होते. ही आली, हात लावून पाहिला आणि म्हणाली, अक्का, चप्पल घाल. एवढंच. चहासुद्धा घेऊ दिला नाही. मला इतका राग आला होता की वाटभर मी बोलले नाही तिच्याशी. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात." अक्कांनी पदर खाली घेतला. "म्हणून आज इथं बसून भांडतेय मी. लिहा हो, लिहा. रोखठोक लिहा. होतीच ती."

गड पडला. तोफ एकही उडाली नाही.

आगारप्रमुखांनी शेवटचा मोर्चा धरला की निदान आधी 'सदैव' तरी घालावे. घरधनी म्हणाले, "नको." मग कारागिरांनी पत्रा काखेत मारला आणि बोटांवर मोजून म्हणाले, "चारच अक्षरं. छान मोठी येतील." आणि मास्तर पटकन दार उघडून बाजूस झाले, आणि बैठक, जी संपण्याचा मार्ग नव्हता, ती संपली.

रविवारी बाक बसला. आगारप्रमुखांनी भाषण लिहून आणले होते, ते जाड दिसत होते. पहिले पान उलटले तोच पुढच्या खुर्चीवरून अक्कांचा आवाज आला, "साहेब, गाड्या सुटायच्यात." आगारप्रमुखांनी उरलेले कागद खिशात ठेवले आणि म्हणाले, "त्या असत्या तर हेच म्हणाल्या असत्या," आणि हे त्यांच्या भाषणातले सर्वांत चांगले वाक्य झाले. पडदा दूर झाला. त्याच क्षणी एक प्रवासी दोन बोचकी घेऊन आला आणि पाटीला पाठ टेकून बसला. पाटी साफ झाकली गेली. मास्तर त्यास उठवायला धावले तेव्हा घरधन्यांनी हात धरून थांबवले. बाक बसायलाच असतो. तुला मिळालेला फोटो तो उठून गेल्यावरचा आहे.

येणेप्रमाणे रोखठोक या विशेषणाची मोहीम दोन पराभव, एक विजय आणि एक उतू गेलेले दूध यांसह पार पडली. हसतमुख, मृदुभाषी, मनमिळाऊ, मातृतुल्य, सुस्वभावी, कर्तव्यदक्ष आणि तेजस्वी हे सरदार कोणतीही दुखापत न होता माघारी गेले आणि दुसऱ्या कोणाच्या पाटीवर कामी येतील. बाईसाहेबांचे नाव, आणि त्याखाली जे होते तेच, पितळेवर कायम झाले. फत्ते जाहली, ती येथे नमूद असे.

पहिले कलम संपले.

आता दुसरे. तू विचारलेस, कसा आहे. येथे घरधनी म्हणून चालणार नाही असे दिसते. मी जेवतो, पण उभ्याने. सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. तुझ्या आईची चप्पल दारातून उचललेली नाही, उचलायची आहे. दुकानात बरे वाटते, घरात संध्याकाळी बरे वाटत नाही. जाताना आणि येताना बाकावर थोडा बसतो, पाटीला पाठ न लावता. कोणी गाडी विचारली तर सांगतो.

तू ये. कधी? किती दिवस? बरोबर कोण?

'बघू' असे उत्तर पाठवू नये. तो शब्द आता या घरात चालत नाही.